पंडिता रमाबाई : आसरा देणारे प्रेम

ख्रिस्ती धर्मपरंपरेत साधनेच्या अनेक वाटा आहेत. प्रार्थना, उपवास, मौन, शास्त्राभ्यास, व्रतस्थ जीवन अशा किती तरी मार्गांनी भाविक देवाचा शोध घेत आले आहेत. मात्र या सर्व वाटांचे मूळ एकच मानले जाते, ते म्हणजे प्रेम. देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रेम करावे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे, या दोन आज्ञांमध्ये येशू ख्रिस्ताने धर्माचे सार सांगितले. शेजारी कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर त्याने एका कथेतून दिले. लुटारूंनी घायाळ करून वाटेवर टाकलेल्या माणसाजवळ जो थांबतो आणि त्याची शुश्रूषा करतो, तोच खरा शेजारी. संत पौलाने पुढे असे शिकवले, की विद्वत्ता, वक्तृत्व, दानधर्म हे सारे असूनही प्रेम नसेल, तर ते सारे पोकळ ठरते.

एकोणिसाव्या शतकात ही शिकवण एका मराठी विदुषीसमोर आली. ती संस्कृतात पारंगत होती, अनेक शास्त्रे तिने मुखोद्गत केली होती आणि वादात ती भल्याभल्यांना निरुत्तर करीत असे. तिला विद्येची उणीव नव्हती. तिचा शोध वेगळा होता. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रीला जवळ घेणारा धर्म कोणता, हे तिला जाणून घ्यायचे होते. त्या शोधाची आणि त्यासाठी मोजलेल्या किमतीची कहाणी म्हणजेच पंडिता रमाबाईंचे जीवन होय.

वनातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दाट अरण्यातील गंगामूळ या ठिकाणी झाला. हा प्रदेश आज कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामांकित संस्कृत पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असा त्या काळी दंडक होता. शास्त्रीबोवांना तो मान्य नव्हता. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवण्यास प्रारंभ केला. त्यामुळे आप्तेष्टांचा व समाजाचा रोष ओढवला, तेव्हा त्यांनी वस्तीपासून दूर, अरण्यात बिऱ्हाड थाटले आणि आपले व्रत सोडले नाही.

रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुढे त्यांचे घर असे कोठे राहिलेच नाही. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाकडे जायचे, देवळात पुराण सांगायचे आणि श्रोते जे देतील त्यावर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम होता. या भटकंतीतच लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या लेकीला पहाटेच्या वेळी संस्कृतचे पाठ दिले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या रमाबाईंना किशोरवयातच भागवताचे हजारो श्लोक पाठ झाले होते. थोरल्या मुलीचा बालविवाह दुःखद ठरल्यामुळे अनंतशास्त्र्यांनी धाकटीचे लग्न लवकर करण्याचे टाळले. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती.

दुष्काळाचा घाला

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला लोक उरले नाहीत आणि दक्षिणा द्यायला कोणाच्या घरी दाणा उरला नाही. शारीरिक कष्टाचे काम या कुटुंबाला ठाऊक नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. होते नव्हते ते विकून झाले. अखेर रानातला पाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे एकामागून एक दगावली. आईला स्मशानात नेण्यासाठी चार खांदेकरीही मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमाबाई. उंची कमी असल्यामुळे त्यांना तिरडीचे टोक खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावे लागले. तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते.

उरलेली दोन भावंडे पायी देशभर हिंडली. अंगावर पुरेसे वस्त्र नसे. उत्तरेच्या कडाक्याच्या थंडीत नदीकाठी वाळूत खड्डा करून त्यात निजायचे आणि अंगावर वाळू ओढून घ्यायची, असेही प्रसंग त्यांच्यावर आले. भूक म्हणजे काय आणि निराधार असणे म्हणजे काय, हे रमाबाई कोणत्याही ग्रंथातून शिकल्या नाहीत. पुढे त्यांच्या हातून जे कार्य घडले, त्याची मुळे या वर्षांत आहेत.

पंडिता आणि सरस्वती

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांच्या पांडित्याने थक्क होऊन त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्यांची व्याख्याने होऊ लागली आणि देशभर नाव झाले. ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाध्ययनास प्रवृत्त केले. धर्मशास्त्रांचाही त्यांनी कसून अभ्यास केला. मात्र जसजसे वाचन वाढले, तसतसा एक प्रश्न त्यांच्या मनाला टोचू लागला. मोक्षाचा मार्ग स्त्रीला आणि शूद्राला स्वतःच्या बळावर खुला का नाही? हा प्रश्न त्यांनी दाबून टाकला नाही.

१८८० साली श्रीनिवासही निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. बिपिनबाबू जातीने शूद्र मानले जात असल्यामुळे या विवाहाने मोठी खळबळ उडाली. उभयतांचा संसार सिलचर येथे सुखाने चालला. १८८१ मध्ये त्यांना कन्या झाली. तिचे नाव मनोरमा ठेवले. याच काळात घरातील पुस्तकांत बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान रमाबाईंच्या हाती पडले आणि त्यांनी ते कुतूहलाने वाचले. परंतु फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबूंचा मृत्यू झाला. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या. जवळ एक तान्ही मुलगी आणि आपली विद्या एवढीच पुंजी होती.

फुलहॅमचे ते घर

वैधव्यानंतर रमाबाई महाराष्ट्रात आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या सुधारक सहकाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्ये रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची गरज ठामपणे मांडली. स्वतः वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने त्या १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. श्रवणशक्ती मंदावत चालल्यामुळे डॉक्टर होण्याचे त्यांचे स्वप्न मात्र पुरे झाले नाही.

इंग्लंडमध्ये वाँटेज या गावी सेंट मेरी नावाच्या भगिनी संघाकडे त्या राहिल्या. या व्रतस्थ भगिनींचे लंडनजवळ फुलहॅम येथे एक सेवागृह होते. ज्या स्त्रियांना समाज पतित म्हणून झिडकारत असे, त्यांना तेथे आसरा मिळे. रमाबाईंना ते सेवागृह पाहण्यासाठी नेण्यात आले. तेथे जे दिसले त्याने त्या स्तब्ध झाल्या. प्रतिष्ठित घरांतील भगिनी त्या स्त्रियांची किळस न करता, त्यांना हिणवून न बोलता, त्यांची सेवा करीत होत्या. एके काळी तेथे आश्रयाला आलेल्या काही स्त्रिया तर आता स्वतःच रुग्णांची व दुबळ्यांची शुश्रूषा करण्यात आयुष्य वेचीत होत्या. रमाबाईंनी भारतभर शेकडो तीर्थे पाहिली होती, अनेक शास्त्रे वाचली होती. अशा स्त्रियांसाठी कोणी असे काही करते, हे त्यांनी आजवर पाहिले नव्हते आणि ऐकलेही नव्हते.

ही माणसे असे का करतात, असे त्यांनी भगिनींना विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील विहिरीकाठची कथा वाचून दाखवण्यात आली. येशू यहुदी होता. यहुदी लोक शोमरोनी लोकांना हीन मानत आणि त्यांच्याशी व्यवहार टाळत. असे असताना येशूने विहिरीवर आलेल्या एका शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले. तिचे आयुष्य लोकांच्या दृष्टीने कलंकित होते, हे ठाऊक असूनही त्याने तिच्याशी अध्यात्माच्या गूढ गोष्टी बोलाव्यात, एवढे तिला योग्य मानले. भारतात विहीर आणि पाणी यांच्याभोवती शिवाशिवीचे कडक नियम होते. त्या वातावरणात वाढलेल्या रमाबाईंना या कथेचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरजच पडली नाही. ज्या प्रश्नाने त्यांना इतकी वर्षे टोचणी लावली होती, त्याचे उत्तर त्यांना येथे गवसले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

श्रद्धा आणि स्वतंत्र बुद्धी

रमाबाईंच्या धर्मांतराने महाराष्ट्र हादरला. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांपैकी कित्येकांना हा विश्वासघात वाटला. दुसरीकडे, इंग्लंडमधील धर्माधिकाऱ्यांना वाटले होते, की ही बुद्धिमान शिष्या आता आपल्या सांगण्याप्रमाणे चालेल. त्यांचीही निराशा झाली. धर्मतत्त्वांविषयी रमाबाई सतत प्रश्न विचारीत. ख्रिस्ती लोकांत इतके पंथ का, एका पंथाने दुसऱ्याला कमी का लेखावे, हे त्यांना उमगत नसे. त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि भारतीय वेशही सोडला नाही. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात १८८४ पासून त्या शिकत होत्या व संस्कृत शिकवीतही होत्या. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा काही बिशपांनी हरकत घेतली. भारतात आपण पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली आहेत, हे रमाबाईंनी त्यांना परखडपणे कळवले. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला. त्यात या मतभेदांचे स्पष्ट चित्र दिसते. प्रेमापुढे नतमस्तक होणे आणि माणसांच्या अधिकारापुढे बुद्धी गहाण टाकणे, या दोन गोष्टी त्यांनी कधी एक मानल्या नाहीत.

स्वतःच्या श्रद्धेकडेही त्या तितक्याच निर्भयपणे पाहत. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, परंतु ख्रिस्ताचा जिवंत अनुभव आपल्याला अजून आलेला नाही. आपल्या पुण्याईने देवाचे प्रेम मिळवायचे नसते, ते आधीच मिळालेले असते आणि आपण ते केवळ स्वीकारायचे व पुढे द्यायचे असते, हा बोध त्यांना १८९१ च्या सुमारास झाला, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नोंदवले आहे. त्यांच्या पुढील आयुष्यातील अथक सेवेचे रहस्य या बोधात आहे.

शारदा सदन

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गेल्या. तेथे त्यांनी बालशिक्षणाच्या नव्या पद्धतींचा अभ्यास केला, गावोगावी व्याख्याने दिली आणि १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. बालविधवांची दुःखे वाचून अमेरिकेतील अनेकांची मने हेलावली. त्यांच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य करण्यासाठी बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली.

मायदेशी परतताच ११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. ज्या मुलींना लग्न म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच वैधव्य आले होते, ज्यांचे केशवपन करून त्यांना घरात अशुभ मानले जात होते, त्यांच्यासाठी हे घर होते. तेथे शिक्षण होते, पोटभर अन्न होते, बाग होती, फुले होती आणि मायेने जवळ घेणाऱ्या रमाबाई होत्या. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू हिचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. पुढे आनंदीबाई कर्वे या नावाने त्या परिचित झाल्या.

शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, असे आश्वासन देण्यात आले होते. प्रत्येक मुलीला आपले धार्मिक आचार पाळण्याची मुभा होती. रमाबाईही आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत, परंतु तिचे दार बंद नसे. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यातून वादळ उठले. मुलींना ख्रिस्ती करण्याचा हा डाव आहे, असा आरोप झाला. ‘केसरी’ने प्रखर टीका केली. १८९३ मध्ये रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुलींना काढून नेले. पालकांनी विश्वासाने सोपवलेल्या अजाण मुलींसमोर असे घडू देणे हा आश्वासनाचा भंग आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. मी कोणावर सक्ती केली नाही, पण माझी श्रद्धा लपवून ठेवणेही मला शक्य नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. या वादाकडे आजही वेगवेगळ्या दृष्टींनी पाहिले जाते. सदन मात्र बंद पडले नाही. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी स्वतंत्र आश्रम स्थापन केला आणि स्त्रीशिक्षणाची ती दुसरी वाटही पुढे विस्तारत गेली.

केडगावचे मुक्ती सदन

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. ती बातमी वाचताच रमाबाईंना आपल्या आईवडिलांचे आणि बहिणीचे अखेरचे दिवस आठवले. हाताशी पुरेसा पैसा नव्हता, जागा अपुरी होती. तरीही त्या मध्य प्रांतात गेल्या. तेथील छावण्यांत त्यांना हाडांचे सापळे झालेली माणसे दिसली. निराधार मुलींची स्थिती सर्वांत वाईट होती. भुकेबरोबरच त्यांना नासवणाऱ्या, पळवून नेणाऱ्या आणि विकणाऱ्या माणसांचे भय होते. रमाबाईंनी अशा सुमारे तीनशे मुलींना व तरुण स्त्रियांना आपल्याबरोबर आणले.

याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले. इतक्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी थोडी जमीन घेऊन ठेवली होती. त्या उजाड माळावर तंबू आणि छपरे उभी राहिली. आणलेल्या मुली आजारी होत्या, त्यांच्या अंगावर जखमा होत्या, केसांत उवा होत्या. अन्नावरून त्या एकमेकींवर तुटून पडत. शारदा सदनातल्या जुन्या विद्यार्थिनींनी त्यांना न्हाऊ घालण्यापासून त्यांच्या जखमा बांधण्यापर्यंतची सारी कामे उचलली. ज्यांना काल आसरा मिळाला होता, त्या आज आसरा देणाऱ्या झाल्या. फुलहॅममध्ये रमाबाईंनी जे पाहिले होते, तेच आता केडगावच्या माळावर घडू लागले.

प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी यंत्रणा स्त्रियांशी कशी वागते, याविरुद्धही १८९७ मध्ये रमाबाईंनी वृत्तपत्रातून उघड तक्रार केली. सत्ताधारी आपल्याच धर्माचे आहेत म्हणून गप्प बसणे त्यांना योग्य वाटले नाही. प्रेमाला सत्य बोलावेच लागते, ही त्यांची धारणा होती.

१८९८ मध्ये केडगावच्या संस्थेला ‘मुक्ती सदन’ म्हणून स्थिर रूप आले. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेले होते. मुक्तीचे दार सर्व जातींच्या स्त्रियांसाठी उघडले. १९०० च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या आणि मुक्तीतील रहिवाशांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. दोन हजार जणींना रोज दोन वेळा जेवू घालायचे, तर धान्य, पाणी, सरपण यांची केवढी व्यवस्था लागत असेल! विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, फळझाडे लावली गेली. बॉस्टनच्या संस्थेच्या साहाय्याची दहा वर्षांची मुदत संपल्यानंतर हा मोठा प्रपंच देणग्यांवर, शेतीच्या उत्पन्नावर आणि रमाबाईंच्या दृढ श्रद्धेवर चालला.

मुक्तीमध्ये प्रत्येकीच्या गरजेप्रमाणे वेगवेगळे विभाग होते. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’, वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी ‘प्रीती सदन’, अंधांसाठी ‘बार्तिमी सदन’ अशी त्यांची नावे होती. येशूने दृष्टी दिलेल्या एका अंध भिकाऱ्याचे नाव बार्तिमय होते, त्यावरून हे शेवटचे नाव घेतलेले होते. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली जाई. हात चालणारी कोणतीही स्त्री केवळ दानावर जगणारी राहू नये, असा रमाबाईंचा कटाक्ष असे. म्हणून विणकाम, शेती, गुरांची निगा, मुद्रण, शिक्षकी, रुग्णसेवा असे अनेक व्यवसाय तेथे शिकवले जात. पोटाला घास देणे ही प्रेमाची पहिली पायरी झाली. त्या व्यक्तीला स्वतःच्या पायांवर उभे करून तिचा स्वाभिमान परत देणे ही पुढची पायरी होय. रमाबाई या दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचल्याशिवाय थांबल्या नाहीत.

साध्या शब्दांतील बायबल

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी आणखी एक मोठे काम अंगावर घेतले. बायबलची मराठी भाषांतरे पूर्वीपासून उपलब्ध होती, परंतु त्यांची भाषा थोडेफार शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांना अवघड वाटे. ज्यांच्यासाठी आपण जगतो, त्यांना समजेल अशा सोप्या मराठीत हा ग्रंथ असावा, असे रमाबाईंना वाटले. भाषांतर मूळ भाषांतून करायचे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. एके काळी पंडितांच्या सभा जिंकणारी ही विदुषी आता आपली सारी विद्या अडाणी म्हणून हिणवल्या गेलेल्या बायकांसाठी खर्च करीत होती. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियाच करीत. दुष्काळात मरणाच्या दारात सापडलेल्या मुलींचे हात आता ग्रंथ छापत होते.

अखेरचे दिवस

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने रमाबाईंना ‘कैसर-इ-हिंद’ हे सुवर्णपदक देऊन गौरवले. पण सन्मानापेक्षा काळजीच त्यांच्या वाट्याला अधिक होती. कन्या मनोरमा ही त्यांचा उजवा हात होती. परदेशात शिकून आल्यावर ती संस्थेच्या कामात पूर्णपणे रमली होती. आपल्यानंतर हिच्याच हाती मुक्तीची धुरा जाईल, अशी आईची अपेक्षा होती. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. तरुण वयातच सारे कुटुंब गमावलेल्या रमाबाईंवर उतारवयात हा सर्वांत कठीण आघात झाला. तरीही त्यांनी हाती घेतलेले काम टाकले नाही. ऐकू येणे जवळजवळ थांबले होते, शरीर थकले होते, पण बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी जीवनाच्या अखेरच्या दिवसांत पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारत सरकारच्या टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुले यांच्यासाठी काम करीत आहे. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मतभेद होते आणि पुढेही राहतील. परंतु त्यांनी उभ्या केलेल्या घरात आलेल्या प्रत्येक मुलीच्या दृष्टीने प्रश्न साधा होता. आपल्याला कोणी जवळ घेईल का, एवढेच तिला हवे होते, आणि रमाबाईंनी तिला जवळ घेतले.

रमाबाईंच्या जीवनात प्रेम हे केवळ मनातील कोमल भावना म्हणून राहिले नाही. त्याने माळावर विहिरी खणल्या, जखमा धुतल्या, अक्षरे शिकवली, सत्तेला जाब विचारला आणि वृद्धपणी नव्या भाषा शिकण्याचे कष्टही सोसले. देवावरील प्रेम आणि माणसावरील प्रेम ही ख्रिस्ती अध्यात्माची दोन अंगे मानली जातात. ती एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, हे रमाबाईंनी आपल्या आचरणाने दाखवून दिले. अनंतशास्त्र्यांचे कुटुंब घराविना देशभर वणवण हिंडले होते. त्याच कुटुंबातील एकमेव उरलेल्या लेकीने हजारो निराधार स्त्रियांना हक्काचे घर मिळवून दिले.